पुण्यभूच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

बाबासाहेबांचं पाकिस्तानवरचं पुस्तक आपल्यात फार थोड्यांनी सबंध वाचलंय. ज्यांना ते सोयीचं वाटलं त्यांनी त्याचे तुकडे पाडून वाटले. ज्यांना ते अडचणीचं वाटलं त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तुकडे वाटणारे कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. कुलूप लावणारे मात्र आपलेच आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आपली पोरं भेटली की हा विषय हमखास निघतो. मोबाईलवर दहाबारा ओळी आलेल्या असतात, मुसलमान समाजाबद्दलच्या, खाली बाबासाहेबांचं नाव. काही वेळा ओळी बनावट असतात. पण बऱ्याचदा त्या खऱ्याच असतात, हीच पंचाईत. मग पोरगं विचारतं, हे त्यांनीच लिहिलंय का? लिहिलंय म्हटलं की पुढचा सवाल तयार: मग आपण मोर्चात त्यांना बरोबर का घेतो?

या सवालाला घोषणेनं उत्तर देता येत नाही. पुस्तक उघडावं लागतं.

मुस्लिम लीगनं लाहोरला मार्च 1940 मध्ये ठराव केला की मुसलमान हे वेगळं राष्ट्र आहे आणि जिथं त्यांची बहुसंख्या आहे तिथं त्यांना वेगळा प्रदेश हवा. काँग्रेसवाल्यांनी त्याची टिंगल केली. हिंदू महासभेनं आरडाओरडा केला. स्वतंत्र मजूर पक्षानं मात्र बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अभ्यास करायला घेतला. त्यातून 1940 च्या अखेरीस 'थॉट्स ऑन पाकिस्तान' आलं. रमाईच्या स्मृतीला अर्पण केलेलं पुस्तक हेच. 1945 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिला अख्खा पाचवा भाग जोडलेला होता. पहिल्या आवृत्तीत हिंदूंची बाजू आहे, मुसलमानांची बाजू आहे, पण लेखकाचं स्वतःचं मत कुठंय, अशी टीका झाली होती. म्हणून हा भाग. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत हे पुस्तक आठव्या खंडात आहे, 1990 चा. मोबाईलवर फिरणारे तुकडे बहुतेक चौथ्या भागातले असतात. पाचव्या भागातला तुकडा मी अजून फिरताना पाहिलेला नाही.

चौथ्या भागात काय आहे? मुसलमान समाज सामाजिकदृष्ट्या साचलाय, पडदा आहे, बालविवाह आहे, जातीही आहेत आणि सुधारणेची ओढ नाही, असं ते सडेतोड लिहितात. पण तिथंच त्यांनी 1901 च्या बंगालच्या खानेसुमारीतली नोंद घेतलीय: अश्रफ, अजलाफ आणि सगळ्यात तळाला अर्जल. अर्जल म्हणजे मेहतर, हलालखोर, लालबेगी. त्यांना मशिदीत मज्जाव, सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव. आता सांगा, हे वाचून आपल्याला मुसलमानांचा राग यावा की त्या हलालखोराशी आपलं नातं दिसावं? तुकडा पाडणारा पहिलं ठेवतो आणि दुसरं कापून टाकतो. कात्री चालवायला अक्कल लागते, हे मान्य करायला हवं.

पाचव्या भागातलं तेरावं प्रकरण पाकिस्तान हवंच का, असा सरळ प्रश्न विचारतं. त्यात ते कॅनडा दाखवतात, दक्षिण आफ्रिका दाखवतात, स्वित्झर्लंड दाखवतात. वेगळ्या भाषांचे, वेगळ्या पंथांचे लोक एका राज्यघटनेखाली राहतात ना? एखादा समाज राष्ट्र आहे असं मानलं तरी त्याला वेगळं राज्य द्यावंच लागतं असं नाही. हिंदू राज्य ही या देशावरची मोठी आपत्ती ठरेल, ती वाट्टेल ते करून रोखली पाहिजे, हेही त्यांनी इथंच लिहिलंय. आणि ती रोखायची कशी? पाकिस्ताननं नव्हे, असं ते लीगला सांगतात. हिंदूंतल्या खालच्या थरांनी आणि मुसलमानांतल्या कष्टकऱ्यांनी आर्थिक-सामाजिक कार्यक्रमावर मिळून पक्ष काढावा, म्हणजे हिंदू राज्यही येणार नाही आणि मुस्लिम राज्यही. ही हवेतली गोष्ट नाही म्हणून ते दाखला देतात: 1920 ते 1937 या काळात बहुतेक प्रांतांत मुसलमान, ब्राह्मणेतर आणि अस्पृश्य यांनी मिळून कारभार केला. आपल्या मुंबई इलाख्यातच बघा. भास्करराव जाधव आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला एकाच सरकारात मंत्री होते. त्याच कौन्सिलनं 1923 मध्ये सी. के. बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर केला, ज्याच्या जोरावर आपण 1927 ला चवदार तळ्यावर गेलो. त्या वर्षीच्या डिसेंबरात परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा जागा दिली ती एका मुसलमानानं.

एवढं सांगून मी थांबलो तर मीही तुकडाच वाटला असं होईल. त्यामुळे या पुस्तकात मला जे पटत नाही तेही लिहितो. बाबासाहेबांच्या पुस्तकाची चिकित्सा करायची नाही असा दंडक काही लोकांनी काढलाय. पोथी पुजायची सवय घरातून गेली तरी हातातून गेलेली नाही, दुसरं काय.

राष्ट्र म्हणजे काय हे सांगताना ते रेनाँ या फ्रेंच विचारवंताचा 1882 मधला विचार घेतात. रक्त एक, भाषा एक, मुलूख एक असून भागत नाही. एकत्र राहायची इच्छा लागते. पंजाबी हिंदू आणि पंजाबी मुसलमान यांचं रक्त एकच, हे त्यांना मान्य आहे, पण इच्छा कुठंय, असं ते विचारतात. इथवर ठीक. पण इच्छा कुणाची मोजायची? ज्या समाजात अश्रफ-अजलाफ-अर्जल आहेत असं तुम्हीच दाखवलंत, त्याची एकच एक इच्छा आहे असं पुढं धरून का चालता? लाहोरच्या ठरावानंतर महिन्याभरातच, एप्रिल 1940 मध्ये, दिल्लीला आझाद मुस्लिम परिषद भरली होती. अध्यक्ष सिंधचे अल्लाबक्ष सूमरो. विणकरांची मोमीन कॉन्फरन्स तिच्यात होती आणि फाळणीच्या विरोधात होती. 1943 मध्ये सूमरोंचा खून झाला. विणकराची इच्छा या पुस्तकात मला पुरेशी दिसत नाही. जिना दिसतात, इक्बाल दिसतात, लीग दिसते.

1946 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या मुसलमानांच्या 30 पैकी 30 जागा लीगनं जिंकल्या. कौल म्हणतात तो हा. पण मतदार कोण होते? मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटीत बसणारे. जुन्नरातल्या कागद्यांच्या कारखान्यात लगदा कुटणारा, मंचरच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी, यांतल्या किती जणांचं नाव यादीत असेल? आणि गंमत अशी की मुंबई प्रांत पाकिस्तानात जाणारच नव्हता. इथल्या मोठ्यांनी अशा देशाला मत दिलं ज्यात इथल्या लहानांना जागाच नव्हती. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं, हेही सांगायला हवं. पाकिस्तान झाल्यानं हिंदुस्थानात उरणाऱ्या मुसलमानांचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. त्यावर त्यांचा उपाय होता लोकसंख्येची अदलाबदल, ग्रीस-तुर्कस्तानात 1923 च्या तहानं झाली तशी, सरकारी देखरेखीखाली, मालमत्तेची भरपाई देऊन. इथं मी अडतो.

कारण मी जुन्नरच्या कागद्याचा विचार करतो. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता, पेशव्यांच्या दफ्तरात तो वापरात होता. बनवणारे मुसलमान. ज्या कागदावर पेशवाईचे हुकूम निघत, आपल्या गळ्यात मडकं बांधणाऱ्या राज्याचे हुकूम, तो कागद या माणसाच्या हातचा. गिरणीचा कागद आला आणि त्याचा धंदा बसला. त्याचा मुलूख कुठला? त्याचं पाणी इथलं, बोली इथली, बापाची कबर इथली. त्याला कुठल्या गाडीत बसवणार आणि लाहोरात कुणाच्या दारात उतरवणार? अदलाबदल कागदावर नीट दिसते. 1947 ला ती देखरेखीशिवाय झाली. एक कोटीहून जास्त माणसं उखडली आणि लाखो मेली.

दुसरीकडे मुलाणी बघा. गावगाड्यात त्याला बलुतं होतं, बकरं हलाल करायचं काम होतं. म्हणजे धर्म वेगळा असूनही तो गावात. महार धर्मानं हिंदू म्हणून मोजला जाई, आणि तो वेशीबाहेर. धर्मावरून राष्ट्र ठरतं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून दाखवावा. गावगाड्यानं ज्याला आत घेतलं तो धर्मानं परका आणि ज्याला बाहेर ठेवलं तो स्वधर्मी!

मुसलमानी राज्य जुन्नरनं पाहिलेलं आहे. निजामशाहीची सुरुवातच इथून झाली. मलिक अहमदनं 1490 मध्ये जुन्नरला स्वतंत्र कारभार सुरू केला, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) त्यानं नंतर वसवलं. त्याचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असं फरिश्ता सांगतो. पुढं ही शाही तगवली ती हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं. आणि ती बुडताना तिचा पोरवयाचा वारस जीवधनवरून काढून पेमगिरीला गादीवर बसवला तो शहाजीराजांनी. ब्राह्मणाच्या रक्ताचा सुलतान, आफ्रिकेतला वजीर, मराठा सरदार. याला इस्लामी राष्ट्र म्हणायचं की काय म्हणायचं ते लीगवाल्यांनी ठरवावं. आपल्या दृष्टीनं सवाल वेगळा आहे. या दीडशे वर्षांत महाराची महारकी सुटली का? नाही. बेदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगितली. हक्क म्हणजे काय, तर मेलेल्या ढोराचं कातडं आणि भाकरतुकडा. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये कौन्सिलात बिल आणलं आणि वतनं कायद्यानं गेली 1958 नंतर. शाह्या आल्या नि गेल्या, वेस तिथंच.

ज्या देशाचा पायाच धर्मावर घातला तिथं काय झालं तेही बघू. बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल आपल्यातले, नामशूद्र. 1946 मध्ये बाबासाहेबांना मुंबईतून घटना समितीत जाता येईना तेव्हा त्यांना बंगालातून निवडून आणण्यात मंडलांचा मोठा हात. त्यांचा हिशेब साधा होता: बंगालातला मुसलमान शेतकरी आणि नामशूद्र शेतकरी एकाच जमीनदाराखाली भरडले जातात, तर दोघांनी एकत्र यावं. यात चूक काय? पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष झाले, पहिले कायदेमंत्री झाले. जिनांनी 11 ऑगस्ट 1947 ला सांगितलं की धर्माचा राज्यकारभाराशी संबंध नाही. मार्च 1949 मध्ये तिथल्या घटना समितीनं उद्दिष्टांचा ठराव करून तो संबंध जोडून टाकला. 1950 च्या दंगलीत पूर्व बंगालात नामशूद्र मारले गेले. त्या ऑक्टोबरात मंडलांनी राजीनामा दिला, तो भारतात येऊन. इथं आल्यावरही त्यांना कुणी जवळ केलं नाही. 1968 ला गेले.

मंडल मंत्री तरी होते. सिंधमधल्या सफाई कामगारांचं ऐका. फाळणीनंतर हिंदू तिथून निघू लागले. सावकार गेले, वकील गेले, कुणी अडवलं नाही. भंगी निघाले तेव्हा अत्यावश्यक सेवा म्हणून त्यांना अडवलं. धर्मानं ते परके होते, कामानं मात्र हवेसे! बाबासाहेबांनी डिसेंबर 1947 मध्ये नेहरूंना याबद्दल पत्र लिहिलं. त्याआधी नोव्हेंबरात त्यांनी पाकिस्तानातल्या आपल्या लोकांना जाहीर निवेदनानं सांगितलं होतं की जमेल त्या वाटेनं भारतात या, आणि सवर्ण हिंदूंचा राग आहे म्हणून लीगवर विसंबू नका. राज्य कुणाच्या धर्माचं, हा प्रश्न सुटला की संडास कुणी साफ करायचा, हा प्रश्न आपोआप सुटत नाही. पुढं 1971 मध्ये पूर्व बंगालचे मुसलमानच फुटून निघाले. चोवीस वर्षांत.

तिकडचं सोडा. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव कुठंय? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. तालुक्याची कचेरी घोडेगावला. धरणाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं, तो याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. नाव छान दिलं. पण उठले ते महादेव कोळी. सरकारी कागदावर ते हिंदू, राज्य करणारे हिंदू, पाणी खाली ज्यांच्या उसाला गेलं तेही हिंदू. स्वधर्मीयांच्या राज्यात स्वधर्मीयांचा मुलूख बुडाला. पुण्यभूत बुडाला म्हणून तो कमी बुडाला का?

पुण्यभू हा शब्द मी मुद्दाम वापरला. सावरकरांनी 1923 च्या 'हिंदुत्व' मध्ये तो वापरलाय. ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही इथं, तो हिंदू. मुसलमानाची पुण्यभू अरबस्तानात, ख्रिस्त्याची पॅलेस्टाइनमध्ये, म्हणून ते बाद. बाबासाहेबांनी या पुस्तकात सावरकर आणि जिना यांना समोरासमोर बसवलंय आणि दाखवलंय की दोन राष्ट्रं आहेत यावर दोघांचं एकमत आहे, भांडण फक्त कुणी कुठं आणि कशा अटीवर राहायचं याचं. उलट सावरकरांची मांडणी जास्त धोक्याची, कारण मुसलमान वेगळं राष्ट्र आहेत असं म्हणून वर त्यांना हिंदू वर्चस्वाखालीच ठेवायचं.

आता दोस्तांनो, आपल्या पायाखाली बघा. सावरकरांच्या व्याख्येत बौद्ध बसतो. आपली पुण्यभू इथलीच आहे ना! आपल्याला आत घ्यायला ते तयार आहेत, बाहेर ठेवायचाय तो मुसलमान. ही जी जागा आपल्यासाठी राखून ठेवलीय, तिची मला भीती वाटते. 1956 आधी आपण हिंदू म्हणून मोजले जायचो आणि वेशीबाहेर असायचो. आता बौद्ध म्हणून त्यांच्या राष्ट्रात आत यायचं, कशासाठी? दुसऱ्याला वेशीबाहेर काढायचं काम करण्यासाठी? येसकर म्हणून?

आपल्यातलीच काही पोरं याच भाषेत बोलायला लागलीत. लेण्याद्रीला गेलं की म्हणतात, हे सगळं आपलं होतं. बरोबर आहे, सातवं लेणं विहार आहे आणि त्यात गिरिजात्मज बसवलाय. त्यावर बोला, लिहा, पुरातत्त्व खात्याला जाब विचारा, मी तुमच्याबरोबर आहे. पण तिथून पुढची उडी, की हा देश बौद्धांचा, बाकीचे उपरे, ही उडी लीगची आहे आणि महासभेची आहे. लेणी तसं सांगत नाहीत. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाचा लेख आहे. इरिल आणि चिट या दुसऱ्या दोन यवनांनी पाण्याची टाकी दिली, भिक्खूंना जेवायला मंडप दिला. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. यवन म्हणजे बाहेरून आलेला, त्याची पितृभू समुद्रापार कुठंतरी. त्यानं टाकी खोदली, पाणी भिक्खूंनी प्यायलं, त्याची पितृभू कुठली म्हणून संघानं टाकी नाकारली नाही. शेजारच्याच लेखांत बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. जुन्नरची लेणी अशा माणसांच्या पैशातून झालीत: परका, बुरूड, कासार, धान्यवाला. यांतून राष्ट्र काढायचंच असेल तर पुण्यभूचं निघणार नाही.

बाबासाहेबांनीही प्रदेश मागितला होता, हे विसरू नका. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये ती पुन्हा आली. पडीक सरकारी जमीन द्या, वेगळी गावं वसवा. पण तिचा पाया बघा. आमचा देव वेगळा म्हणून गाव वेगळं द्या, असं ते म्हणत नाहीत. गावगाड्यात आम्ही भूमिहीन, तिथं आमची सुटका नाही, म्हणून जमीन द्या. देव बदलला, सीमा आखली, आणि जमीन जमीनदाराकडेच राहिली तर काय मिळवलं? पाकिस्तानात जमीनदार राहिलेच. इकडेही राहिले.

आता सगळ्यात अडचणीचं. पुण्यभूची व्याख्या पुस्तकात आहे म्हणून आपण तिच्यावर टीका करतो. तीच व्याख्या सरकारी आदेशात बसलीय आणि आपण तिचे लाभार्थी आहोत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरवल्या. 1956 ला शीख आत आले. केंद्राच्या यादीत बौद्ध आले 1990 ला, आपण चौतीस वर्षं भांडलो तेव्हा. मुसलमान आणि ख्रिस्ती आजही बाहेर. इथं जन्मलेले धर्म आत, बाहेर जन्मलेले बाहेर. सावरकरांच्या यादीशी ताडून बघा. हिंदू मेहतराला दाखला मिळतो, त्याच गटारात उतरणाऱ्या मुसलमान हलालखोराला नाही, कारण त्याची मशीद मक्केकडे तोंड करून आहे. 1901 च्या नोंदीतला तो अर्जल, ज्याला अश्रफांनी मशिदीत घेतलं नाही आणि ज्याच्या नावावर लीगनं देश मागितला, त्याला इथल्या कागदावरही जात नाही.

माझ्या पाहण्यात आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या एकाही संघटनेनं या आदेशाविरुद्ध ठराव केलेला नाही. वाटणीत वाटेकरी वाढतील ही भीती मला माहीत आहे, उगाच तत्त्वाच्या गप्पा मारू नका असं सांगणारेही माहीत आहेत. त्यांना म्हणावं, मग कोटा वाढवायची मागणीही त्याच ठरावात घाला. एका पानाचा ठराव पुरे. जुन्नरला तहसीलदाराकडे द्या, घोडेगावला द्या, आणि सह्या घेताना बौद्धवाड्यावर थांबू नका, मुसलमान आळीतही जा. तिथं कुणी तो मोबाईलवरचा मजकूर पुढे केला तर तेराव्या प्रकरणाचं मराठी झेरॉक्स काढून हातात द्या.